झुबेदा मॅडमची जीप

भिवंडीतल्या ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून पहिली नोकरी धरली, त्याच्या दारात आता एक संगमरवरी फलक लावला आहे. परवा नणंदेच्या सासूला बघायला गेले तेव्हा वाचला. ‘डॉ. झुबेदा. शांत, मृदुभाषी, करुणेची मूर्ती.’ वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शांत कुठून? झुबेदा मॅडम गेल्यावर हा फलक लावणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी त्यांची बोलणी खाल्ली आहेत. त्या बाईंना आयुष्यभर राग आला आणि तो येण्यासारखाच होता. राग पुसून त्या जागी मऊ शब्द बसवले की तो राग ज्यांच्यामुळे आला तेही आपोआप पुसले जातात, हे या मंडळींना बरोबर कळतं. म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

मी तिथं लागले ते पंच्याऐंशीच्या सुमाराला. मॅडम तेव्हा चाळिशीच्या होत्या. त्यांचं घराणं भिवंडीतलंच, कोकणी मुसलमान, पिढ्यानपिढ्या लाकडाचा धंदा करणारं. बुटक्या, सावळ्या, अंगावर सुती साडी आणि साडीखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर सांगायच्या, बघायला आलेल्या मुलाने चहा संपायच्या आत विचारलं, गाडी चालवणं सोडाल ना. त्याला उत्तर न देता त्या दवाखान्यात निघून आल्या होत्या.

पदराच्या गाठीत त्यांच्या लवंगा असायच्या. राग आला की एक लवंग दाढेखाली जायची. वॉर्डात लवंगेचा वास आला की आम्ही नर्सा चादरी ताणायला लागायचो आणि आयाबाया मोरीकडे धावायच्या. ओरडण्याआधी त्या नेहमी सूचना द्यायच्या, “मी चिडलेय. आता नीट ऐक.” आणि बोलून झालं की शेवटी, “माझा राग फुकट घालवू नकोस. कामाला लाग.” म्हणजे राग ही त्यांच्या लेखी खर्चाची वस्तू होती, तिचं काहीतरी झालं पाहिजे असा त्यांचा आग्रह असायचा.

हा राग बाळंतपणाच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबायचा, हेही सांगायला हवं. आत गेल्यावर त्या इतकं हळू बोलायच्या की शेजारी उभं राहूनही मला ऐकू यायचं नाही. कळा देणाऱ्या बाईवर दुसरं कुणी खेकसलं तर त्याला हात धरून बाहेर काढायच्या. बाहेर काढल्यावर मात्र त्याचं काही खरं नसे.

जीप त्यांच्या वडिलांची. महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्यांतून त्यांनी ती घेतली होती, वाडा तालुक्याच्या जंगलातून लाकूड ओढायला. स्टिअरिंग डाव्या बाजूला. चारही चाकांना जोर, त्यामुळे नाला असो की चिखल, कुठेही चढायची. वडील गेले, भावांनी ट्रक घेतले, जीप मॅडमकडे आली. दवाखान्याकडे दुसरी गाडी नव्हती. पेट्रोल ट्रस्टने द्यावं म्हणून मॅडमने जीप सरळ ट्रस्टच्या नावावर करून दिली. आपलाच दवाखाना, नाव कुणाचं का असेना, असं त्या तेव्हा म्हणाल्या. पुढे या वाक्याची आठवण कुणी काढली की त्या लवंग शोधायला लागायच्या.

एका वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. पावसाने फोडलेले रस्ते अजून तसेच होते. अकलोलीच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथून निरोप आला की सोनी नावाची बाई अडली आहे, अंगावरून जातंय. आम्ही जीप घेऊन गेलो. वार खाली सरकून बाळाची वाट अडवून बसली होती. ही बाई ऑपरेशनशिवाय मोकळी होणार नव्हती आणि ऑपरेशन भिवंडीलाच होणार होतं. आम्ही पोचलो तेव्हा रक्त थांबलेलं होतं. निजून राहिली, हलली नाही, तर वाचेल अशी अवस्था होती. मॅडमने तिच्या गालावर हात ठेवून सांगितलं, तू फक्त पडून राहा, बाकी माझ्यावर सोड.

पण ती जीप ओझ्यासाठी बांधलेली. मागे ओंडके भरले की तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी, जरा तरी वाकत. एका वाळलेल्या पोरीच्या वजनाने ते काय वाकणार? प्रत्येक खड्डा सरळ तिच्या पाठीत जात होता. मी मागे बसून तिला दोन्ही हातांनी धरून ठेवत होते, माझेच दात एकमेकांवर आपटत होते. मॅडम बैलगाडीच्या वेगाने चालवत होत्या, तरी काही उपयोग होत नव्हता. वाटेतलं अंबाडी गाव मागे पडलं आणि रक्त पुन्हा सुरू झालं. भिवंडी यायच्या आत सोनी गेली. मूलही गेलं.

तिचा नवराही जीपमधून आला होता. दवाखान्याच्या पायरीवर तो बराच वेळ बसून राहिला. मॅडम त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, “गाडी लय आदळली, बाय.”

मॅडमने त्या दिवशी लवंग घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी ओपीडी सोडून त्या मला घेऊन मानकोलीला गेल्या. हायवेच्या कडेला बाळारामदादाचं पाटे बसवायचं दुकान होतं. ट्रकचे तुटलेले पाटे भट्टीत घालून पुन्हा कमान देणारा माणूस. जातीने आगरी, माझ्या माहेरच्या गावचाच, अंगाने दणकट आणि बोलायला तोऱ्याचा. मॅडम म्हणाल्या, या गाडीचे पाटे मऊ करून दे. त्याला ते हास्यास्पद वाटलं. गिऱ्हाईक येतं ते पाटे कडक करायला, एखादा जास्तीचा घालून घ्यायला, माल जास्त भरता यावा म्हणून. मऊ करून मागणारं पहिलंच होतं. पण बाई डॉक्टर होती आणि जाईना. त्याने प्रत्येक कमानीतले दोन-तीन पाटे काढून टाकले आणि म्हणाला, झालं.

मॅडमने त्याला चावी दिली. स्वतः मागे फळीवर उताण्या निजल्या. चालव म्हणाल्या. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी पान चघळायचं थांबवून बघितलं. दादा एक चक्कर मारून आला. मॅडम उठून बसल्या, डोक्यावरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, छोट्या खड्ड्याला बरी आहे, मोठ्या खड्ड्यात गाडी खाली बसते आणि लोखंडावर लोखंड आपटतं. दादा म्हणाला, बसणारच, पाटे काढले म्हणजे जोर गेला. इथून भांडणाला तोंड फुटलं. तो म्हणत होता की गाडी एक तर वजन घेईल नाही तर मऊ चालेल. मॅडम म्हणत होत्या की मला दोन्ही पाहिजे.

“बाय, गारी हाय ती, पालना न्हाय,” तो शेवटी वैतागून म्हणाला.

“तू झोप मागं,” मॅडम म्हणाल्या. “मी चालवते.”

आणि खरंच त्याला निजवलं. अंबाडीच्या रस्त्यावर नेऊन आणलं, जाताजाता सोनीचं सगळं सांगितलं. उतरला तेव्हा त्याचा चेहरा पिवळा पडला होता. बाळारामदादा आयुष्यभर गाड्यांच्या खाली झोपलेला माणूस, गाडीच्या आत आडवा कधी झालाच नव्हता. तो भट्टीशी जाऊन बसला. मग विचारलं, सोनीला किती महिने झाले होते. मॅडमने सांगितलं. त्याची सून तेव्हा तेवढ्याच महिन्यांची पोटुशी होती.

त्यानंतर तो मॅडमपेक्षा जास्त वेडा झाला. जुन्या टॅक्सीचे लांब, पातळ पाटे भंगारातून शोधून आणले. जेवढा पाटा लांब तेवढा तो सावकाश वाकतो, हे मला तिथं बसून बसून कळलं. ते जीपच्या मापात बसेनात, म्हणून चेसिसवर पाटा धरणारे कान कापून मागे सरकवले आणि नव्याने वेल्डिंग केलं. पाट्यांच्या कडा घासल्या, मध्ये काळं ग्रीस भरलं, म्हणजे एकावर एक अडकून धक्का देणार नाहीत. धक्का शोषणारे नवे शॉकअप घातले, खाली बसल्यावर आपटू नये म्हणून रबराचे जाड ठोकळे लावले. मॅडमने पुढची उजवीकडची सीट काढून टाकायला लावली. आता पेशंट पुढपर्यंत लांब निजायचा आणि त्याचं डोकं थेट गाडी चालवणाऱ्या मॅडमच्या कोपराशी यायचं. हे सगळं व्हायला हिवाळा गेला. दर रविवारी मॅडम मागे निजायच्या, उठायच्या, भांडायच्या, आणि दादा पुन्हा जॅक लावायचा.

जीप पाळण्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. रस्ता तसाच होता. पण धक्का पाठीत शिरायचा थांबला. गाडी खड्ड्यात उतरायची, जरा डुलायची आणि वर यायची. पुढची काही वर्षं त्या जीपमधून आम्ही किती बायका खाली आणल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही. मॅडम एका हाताने स्टिअरिंग धरून दुसरा हात बाईच्या कपाळावर ठेवायच्या. तिच्याशी कुजबुजत बोलायच्या आणि मध्येच मान वर करून रस्त्याच्या ठेकेदाराला मोठ्याने शिव्या घालायच्या. बाई कळा विसरून त्यांच्या तोंडाकडे बघायची.

दादाने एक अट घातली होती. गाडीत पेशंट, नर्स, चालवणारा आणि एखादा नातेवाईक, यापेक्षा जास्त वजन घालायचं नाही, नाही तर वळणावर गाडी कलंडेल. मॅडमने ही अट अशी पाळली की एकदा पाड्याखालच्या गावच्या सरपंचालाच जीपमधून उतरवलं. त्याला भिवंडीला कोर्टात जायचं होतं, तो आधीच चढून बसला होता. मॅडमने त्याला दोनदा नीट सांगितलं. मग त्याची चप्पल उचलून रस्त्यात टाकली. चप्पल घालायला तो उतरला आणि आम्ही निघालो.

नव्वदच्या पुढे भिवंडीत पैसा खेळायला लागला. कापडाचे लूम वाढले, मानकोलीकडे गोदामांच्या भिंती उठायला लागल्या, आणि ट्रस्टवर नवे लोक आले. त्यांना दवाखान्यात उद्घाटनं हवी असत. एक दिवस एका पुढाऱ्याने देणगी दिलेली पांढरी रुग्णवाहिका आली. दोन्ही बाजूंना पुढाऱ्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत, की रुग्णवाहिका हा शब्द खाली कोपऱ्यात बसवला होता. मालवाहू टेम्पोवर बांधलेली गाडी. मॅडम खाली वाकून पाटे बघून आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मला लवंगेचा वास आला.

हारतुरे झाले, भाषणं झाली. मॅडमला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, बोलत नाही, साहेबांनी एकदा पेशंट होऊन बघावं एवढीच विनंती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गंमतच वाटली सगळ्यांना. पुढारीही हसत हसत स्ट्रेचरवर आडवा झाला, फोटो निघाला. फोटो निघाल्यावर त्याने उठायचं, असं ठरलेलं होतं. मॅडमने मागचं दार लावलं, ड्रायव्हरला उतरवलं आणि गाडी काढली. धामणकर नाक्याला वळसा घालून परत आल्या. नाक्यावर तेव्हा रस्ता असा नव्हताच, लूमच्या धोटे-बॉबिनच्या दुकानांपुढे नुसती उखळं होती. दार उघडलं तेव्हा साहेबांच्या कपाळाला टेंगूळ आलेलं आणि टोपी हातात.

“एवढ्यात उठलात,” मॅडम त्याला म्हणाल्या. “अकलोली अजून लांब आहे.”

मंडपात एकही माणूस हसला नाही. ट्रस्टच्या अध्यक्षांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की याचं काहीतरी वाईट होणार.

झालंही. थोड्याच दिवसांत सकाळी ड्युटीवर आलो तर जीपची शेड रिकामी. कारकुनाने सांगितलं, जीपच्या चेसिसमध्ये बेकायदा बदल केलेले आहेत, अपघात झाला तर ट्रस्टवर येईल, म्हणून जीप निकालात काढली. मालकी ट्रस्टचीच होती, मॅडमला विचारायची गरज नव्हती. कुणाला दिली, तर अध्यक्षांच्या पुतण्याला. त्याला जुन्या गाड्यांचा शौक होता.

पुढचं आम्हाला बाळारामदादाकडून कळलं. पुतण्या जीप घेऊन आधी त्याच्याकडेच गेला होता. म्हणाला, ही अशी मरगळलेली का चालते, मला जुन्यासारखी कडक पाहिजे, आणि वीतभर उचलून द्या, मोठे टायर घालायचेत. दादाने त्याला दुकानाबाहेर काढलं. मग त्याने ते काम कल्याणला करून घेतलं.

मॅडम मला घेऊन त्याच्या बंगल्यावर गेल्या. जीप दारात उभी होती, हिरवी रंगवलेली, उंच, चढायला पायरी लागेल अशी. आमचे लांब पाटे आधीच भंगारवाल्याकडे गेले होते. आमची ती सगळी उठाठेव वजनावर विकली गेली होती. पुतण्या वाईट मुलगा नव्हता, तेच मला जास्त लागलं. त्याने आम्हाला आदराने बसवलं, सरबत दिलं, बॉनेट उघडून दाखवलं. मॅडमने विचारलं, ही घेऊन जातोस कुठे. तो उत्साहाने म्हणाला, रविवारी मित्रांबरोबर अकलोलीच्या वर, रस्ता नाही अशा डोंगरात, तिथंच खरी मजा.

मॅडमने ग्लास खाली ठेवला. “त्या डोंगरात माणसं राहतात,” त्या म्हणाल्या. आवाज बाळंतपणाच्या खोलीतला होता. पेशंट सोडून मी त्यांना बाहेर कुणाशीही त्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्याला काही कळलं नाही. सरबत तसंच ठेवून आम्ही रिक्षाने परत आलो.

पाड्यांवरून निरोप येत राहिले. रुग्णवाहिका कधी पुढाऱ्याच्या सभेला उभी असायची, कधी डिझेल नसायचं, आणि असली तर पाड्याच्या नाल्यापर्यंतही पोचायची नाही. लोक बायकांना खाटेवर घालून खाली आणायला लागले. त्यांतली एक वज्रेश्वरीच्या बस स्टँडवर, खाटेवरच, गेली. ही बातमी आली त्या दिवशी ट्रस्टची बैठक होती. मॅडम बोलावलं नसताना आत गेल्या. मी दाराशी औषधांची पेटी घेऊन उभी होते. मला वाटलं आता भिंती हादरतील. त्यांनी खुर्चीही घेतली नाही.

“मी चिडलेय,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्यावर खर्च करायला माझ्याकडे राग उरलेला नाही. उद्यापासून मी येणार नाही.”

अध्यक्ष समजुतीच्या सुरात काहीतरी म्हणाले, बाईंचं वय, दगदग, विश्रांती. मॅडम तोवर जिना उतरल्या होत्या.

भावांनी खूप समजावलं, आई रडली. पण बायकांना खाली आणायला गाडी नसेल तर आपणच वर जायचं, एवढा साधा विचार त्यांनी केला होता. अकलोलीत, गरम पाण्याच्या कुंडांपलीकडे, दोन खोल्यांचं घर घेतलं. बाळारामदादाने टेम्पोत वेल्डिंगचं सामान घालून नेलं आणि ऑपरेशनचं टेबल तिथंच बनवलं. भूल द्यायला मॅडमच्या हाताखाली शिकलेला एक डॉक्टर ठाण्याहून आठवड्यातून दोनदा आणि बोलावलं तर केव्हाही यायचा. मी गेले नाही. माझं लग्न ठरलं होतं, कल्याणला पालिकेच्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती. मॅडम म्हणाल्या, जा, तिकडे तरी कुणावर ओरडायला शीक. ते मला फारसं जमलं नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात. सुट्टी काढून भेटायला गेले होते. बोलायला वेळ मिळालाच नाही. दारात मला बघून त्या म्हणाल्या, “आलीस? हात धू.” आत एक मुलगी कळा देत होती. दुपार त्यातच गेली. मुलगा झाला. मॅडमचे केस पूर्ण पांढरे झाले होते आणि गुडघे धरून त्या उठत होत्या. माझ्यासाठी त्यांनी भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण ठेवलं होतं, ते मी उभ्यानेच खाल्लं. बाळाच्या बापाला बाहेर बोलावून, बायकोला उशिरा का आणली म्हणून त्या झापत होत्या, तोच माझी एसटी आली आणि मी धावले.

खिडकीची जागा मिळाली. तेव्हा तिथल्या टेकड्या फोडायला सुरुवात झाली होती आणि खडीचे ट्रक त्या अरुंद रस्त्यावरून बेफाम जायचे. एसटी सुटून जरा पुढे गेली असेल, समोरून असाच एक ट्रक धूळ उडवत आमच्या बाजूने गेला. मी मागे वळून बघितलं. मॅडम घरातून रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या होत्या, एक हात वर करून. ट्रकने करकचून ब्रेक मारला. धूळ खाली बसली तेव्हा त्यांचा हात बॉनेटवर होता आणि ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा होता. त्या काय बोलत होत्या ते इतक्या लांबून ऐकू येण्यासारखं नव्हतं. ट्रकच्या मागे आणखी दोन ट्रक येऊन थांबले. एकानेही हॉर्न वाजवला नाही.